‘नणंद’ या विषयावरच्या लिंका

ताईचं माणसांशी पटत नसे. लोक हे तिच्या पाठीमागे बोलत असं नाही, ती स्वतःच तोंडावर सांगायची. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीच्या पलीकडे, एक्स-रेचा विभाग होता आणि ती तिथे तंत्रज्ञ होती. जाड दार, दारावर लाल दिवा, आत थंडगार खोली. “हनुवटी वर. खांदे पुढे. मोठा श्वास घ्या. धरा.” मग काचेमागे जाऊन बटण दाबायचं आणि म्हणायचं, “सोडा.” कुणी हसत हसत “किती वेळ धरू हो?” असं विचारलं, तर ती म्हणायची, “मी सोडा म्हणेपर्यंत.” वॉर्डातल्या नर्स तिला श्वासबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं.

घरी धाकटा भाऊ आणि भावजय. आई गेल्यावर तिघंच उरली होती, एकाच घरात, म्हणजे खरं तर दोन घरांत. पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागची तिची, आणि स्वयंपाकघर कुणाचंच नाही, म्हणून भांडणाचं. फ्रिजचे कप्पेसुद्धा वाटून घेतलेले. भावजय एका प्रवासी कंपनीच्या तक्रार विभागात होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांची माफी मागायची. घरी येईपर्यंत तिच्याजवळची सगळी माफी संपलेली असायची. भाऊ लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत होता. दोघींचा आवाज चढला की तो गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचा. त्या घरातली झाडं कायम पाणी जास्त होऊनच मरत.

माणसांशी न पटणाऱ्या ताईला माणसांनी लिहिलेलं मात्र फार आवडायचं. दोन पेशंटच्या मधल्या वेळात ती ब्लॉग वाचत बसे. पुस्तकं कुणीतरी आधीच निवडलेली असतात, छापलेली असतात, त्यात आपण काय शोधणार, असं तिचं म्हणणं. तिला कुणी न पाहिलेलं हवं असायचं. वडील गेल्यावर त्यांच्या कवळीचं काय करायचं यावर लिहिणारा एक घड्याळ दुरुस्त करणारा. घटस्फोटात भांड्यांची वाटणी कशी झाली ते लिहिणारी एक शिक्षिका. असल्या लेखांखाली एकही प्रतिक्रिया नसायची. आणि तिकडे कुणीतरी संध्याकाळच्या उन्हावर चार मऊ ओळी लिहिल्या की खाली रांग लागायची: अप्रतिम, अप्रतिम, निःशब्द.

“निःशब्द असाल तर गप्प बसा ना,” ताई पडद्याकडे बघून म्हणायची.

या रागातूनच ‘वेचणी’ सुरू झाली. ताईने स्वतःचा ब्लॉग काढला, पण त्यावर स्वतःचं काही लिहायचं नाही असं ठरवलं. एक विषय घ्यायचा, त्यावर इतरांनी लिहिलेलं चांगलं शोधायचं, त्याच्या लिंका द्यायच्या आणि प्रत्येक लिंकेखाली एखाददुसरी ओळ, बस. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, सकाळी. विषय तिचे तिलाच सुचायचे: जिने. दात. उसनं नेलेलं. न आवडलेली भेटवस्तू. एका विषयासाठी ती लोकांच्या ब्लॉगमधले पाच-सहा वर्षांपूर्वीचे, लिहिणाराही विसरला असेल असे लेख उकरून काढायची. नियम कडक होते. स्वतःचं लिखाण पाठवायचं नाही. ओळखीच्याचं घ्यायचं नाही. नात्यातल्याचं तर नाहीच नाही.

आणि तिच्या त्या ओळी! “सुरुवात कंटाळवाणी आहे, पण जिन्यात दिवे गेल्यावर लेखक जागा होतो, तिथून वाचा.” “बाई दाताच्या डॉक्टरला घाबरत नाहीत, नवऱ्याला घाबरतात. त्यांना स्वतःला हे लिहिताना कळलेलं दिसत नाही, म्हणून लेख चांगला झाला आहे.” वाचणाऱ्यांना ही जीभ आवडली. रविवार सकाळची वाट बघणारे लोक तयार झाले. भांड्यांच्या वाटणीवाल्या शिक्षिकेने लिहिणं केव्हाच सोडलं होतं, तिने पुन्हा सुरू केलं आणि ताईला मेलमध्ये कळवलं. ताईने उत्तर दिलं, “बरं.” लोक तिला वेचणीबाई म्हणायला लागले. वाचकांत कुणाला तिचं नाव माहीत नव्हतं, ती काय करते हेही माहीत नव्हतं.

मग आला मखमल. हे नाव अर्थात ताईनेच ठेवलेलं. हे गृहस्थ फार लोकप्रिय होते. आजीच्या हातांवर लिहायचे, रिकाम्या बाकांवर लिहायचे, कशावरही लिहिलं तरी शेवटी डोळे पाणावायचे. वेचणीत आपण कधीच नसतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि नियम मोडून त्यांनी स्वतःचेच लेख पाठवायला सुरुवात केली. वर लिहायचे, “आपल्या उपक्रमाची उंची वाढावी म्हणून.” ताईने पुढच्या खेपेला विषय ठेवला ‘लांबलेलं’, आणि त्यात त्यांचा एक लेख घेतला. खाली लिहिलं: “लेख अकराव्या ओळीत संपतो. कुणीतरी लेखकाला कळवावं.”

लोक हसले, आणि ते हसणं मखमलला लागलं. ‘द्वेषाची दुकानदारी’ नावाचा भला मोठा लेख त्यांनी लिहिला. जिला स्वतःला एक ओळ लिहिता येत नाही ती दुसऱ्यांच्या ओळी मोजते, एवढाच त्याचा अर्थ, पण तो सांगायला त्यांना पाच पानं लागली. खाली त्यांच्या चाहत्यांची झुंड. कुणी ताईला म्हातारी म्हटलं, कुणी टाकलेली म्हटलं, कुणी म्हटलं हिच्या घरची माणसं कशी सहन करत असतील. ताई हे सगळं डबा खाता खाता वाचायची. तिला मजा येत होती. शिव्या देणाऱ्यांपैकी दोघांचं शुद्धलेखन चांगलं आहे, असं तिने एका नर्सला सांगितलंसुद्धा.

मग त्या झुंडीत एक प्रतिक्रिया आली.

“हिच्या घरची माणसं कशी सहन करतात ते मी सांगू शकते. मी हिची भावजय. एका छपराखाली राहते. मी यावर पूर्वीच लिहिलं आहे.” आणि खाली लिंक.

मखमलने ती लिंक उचलली, वर मोठ्या अक्षरांत ‘वेचणीबाईंना न सापडलेला लेख’ असं लिहिलं आणि सगळीकडे पसरवली. दुपारपर्यंत रुग्णालयात ती पोचली होती. ताईला ते कळलं ते असं: औषधांच्या खिडकीपाशी दोघी नर्स एका फोनवर वाकून वाचत होत्या, ताई जवळून गेली तशा गप्प झाल्या. एकीने तर फोन पदरात लपवल्यासारखा खिशात घातला. नेहमी मागून हसणाऱ्या बायका आज हसत नव्हत्या. हे ताईला जास्त झोंबलं.

ती आत गेली. दाराला कडी लावली, बाहेरचा लाल दिवा लावला, म्हणजे कुणी येणार नाही, आणि पेशंटच्या स्टुलावर बसून भावजयीचा लेख उघडला. भावजय लिहिते हेच तिला माहीत नव्हतं. लेखाचं नाव होतं ‘उद्या येईल’.

लेख आईविषयी होता. आईला खोकला होता. ताई तिला आपल्या रुग्णालयात घेऊन गेली आणि एक्स-रे तिने स्वतःच काढला. घरी आल्यावर भावजयीने विचारलं, “काय निघालं?” ताई म्हणाली, “रिपोर्ट उद्या येईल.” त्याच संध्याकाळी भावजय फोनवर माहेरी बोलत होती आणि आईला ढास लागली. थांबेना. भावजय वैतागली. दिवसभर परक्यांच्या शिव्या खाऊन आलेली, ती सासूला म्हणाली, “मी फोनवर असले की मुद्दाम खोकता तुम्ही. मला सगळं कळतं.” आई तोंडावर पदर दाबून बसली आणि खोकला गिळायला लागली. ताई समोरच्या खुर्चीत होती. सगळं ऐकत होती. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पुढचे सहा-सात महिने आईचं सगळं भावजयीनेच केलं. आंघोळ, अंथरूण, भरवणं. आणि शेवटपर्यंत, ती खोलीत आली की आई पदर तोंडावर घ्यायची. सवयीने. भावजयीने लिहिलं होतं: “एक्स-रे काढणाऱ्या बाईला पडद्यावर काय दिसतं ते दिसतंच. तिला दुपारीच कळलं होतं. मला तिने एका शब्दाने अडवलं असतं, तर मी ते बोलले नसते. तिला मी चुकलेली हवी होते, आणि ती संध्याकाळ तिला आयती मिळाली.” यानंतर एकच वाक्य होतं: “काही सावल्या कुठल्याच फिल्मवर उमटत नाहीत.”

ताईने लेख पुन्हा वाचला. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, ती उठली नाही. तिला राग आलाच. आपल्या आईचा पदर या बाईने चारचौघांत टांगला याचा राग, मखमलच्या टाळ्यांचा राग. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं, आणि ते तिला नको होतं. लेख चांगला होता. वेचणी सुरू केल्यापासून तिने जे जे वाचलं त्यात इतकं साधं आणि इतकं धारदार फार थोडं होतं. कुठे उमाळा नाही, कुठे स्वतःची वकिली नाही. स्वतःचं ते वाईट वाक्य भावजयीने जसंच्या तसं ठेवलं होतं.

संध्याकाळी भावजय स्वयंपाकघरात ओट्याशी कांदा चिरत होती. ताई दारात उभी राहिली. भाऊ दोघींकडे आळीपाळीने बघून गॅलरीकडे निघाला.

“तू इथेच थांब,” ताई म्हणाली. तो थांबला.

“वाचलंत वाटतं,” भावजय मान वर न करता म्हणाली.

“वाचलं. त्या माणसाच्या दारात जाऊन टाकायची काय गरज होती?”

“तुमच्या दारात टाकून काय उपयोग? तुम्ही नात्यातलं घेत नाही ना.”

“म्हणजे तू वेचणी वाचतेस.”

“पहिल्यापासून. तुमची जीभ लगेच ओळखू आली.” सुरीचा आवाज थांबला. “दर खेपेला वाचते. लोकांच्या लेखात काय लपलंय ते तुम्हाला बरोबर दिसतं. शेजारच्या खोलीतलं दिसत नाही.”

“कामाचा नियम आहे. आम्ही पेशंटला काही सांगायचं नसतं. डॉक्टर सांगतात.”

“पेशंटला! मी पेशंट होते? आई पेशंट होती? अहो, घर होतं ते.”

“मला वाटलं मी चुकीचं पाहिलं असेल. उद्या डॉक्टर म्हणतील, काही नाही, जुना डाग आहे.”

“ते मला कळतं,” भावजय म्हणाली. “ते मी माफ केलं असतं. पण मी बोलले तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आठवतंय? मी ते तोंड बघितलंय, ताई. तुम्हाला बरं वाटलं होतं.”

भाऊ म्हणाला, “अगं, असं काय बोलतेस, तिची आई होती ती.”

“तू गप्प बस,” दोघी एकदमच म्हणाल्या.

ताईला खोटं बोलायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण समोर उभी असलेली बाई उद्या हेही लिहील, आणि हुबेहूब लिहील, हे तिला कळून चुकलं.

“क्षणभर वाटलं होतं,” ती म्हणाली. “मग नाही.”

“क्षणभर पुरतं,” भावजय म्हणाली आणि कांदा कढईत लोटला.

पुढचा रविवार वेचणीचा होता. विषय ‘किल्ल्या’ असा आधीच कळवलेला. ताईने तो रद्द केला आणि नवा विषय लावला: ‘नणंद’. आठवडाभर तिने शोध घेतला. लिहिणारे सापडायला कष्ट पडले नाहीत. नणंदेवर बायकांनी भरभरून लिहिलं होतं. कुणाची नणंद कपाट उघडून बघायची, कुणाची नवऱ्याच्या पगाराची चौकशी करायची, कुणाची हळदीकुंकवाला गोड बोलून बाळंतपणात खुसपटं काढायची. नणंदेच्या बाजूने लिहिलेला एकच लेख मिळाला, आणि तोही नणंदेनेच लिहिलेला. ताईने त्याखाली टीप दिली, “तोल राखण्यासाठी घेतला आहे. फारसा चांगला नाही.”

सगळ्यांच्या वर ‘उद्या येईल’ होता. खाली ताईने लिहिलं:

“वेचणीचा नियम मोडून हा लेख घेत आहे. यातली नणंद मी. प्रसंग घडला तसाच आहे, मला त्यात दुरुस्ती नाही. लेख फार चांगला आहे. शेवटचं वाक्य मात्र काढून टाकावं, ते शोभेसाठी आहे. माझ्याविषयीच्या वाक्यावर लेख संपायला हवा.”

हे वाचल्यावर मखमलच्या गोटाकडे दुखवायला काही उरलंच नव्हतं. एकदोघांनी हा नवा ढोंगीपणा आहे असं लिहून पाहिलं, पण सूर लागेना. मखमल पुन्हा रिकाम्या बाकांकडे वळले. वेचणीच्या वाचकांतले काही मात्र कायमचे गेले. आईच्या बाबतीत असं वागणाऱ्या बाईकडून आम्हाला चांगलं काय ते जाणून घ्यायचं नाही, असं एकीने सरळ लिहिलं. ताईने ती प्रतिक्रिया तशीच राहू दिली. रुग्णालयात नर्सनी तिला श्वासबाई म्हणायचं बंद केलं. त्या आता तिला काहीच म्हणत नसत.

सगळ्यात जास्त भडकली भावजय. ताई सकाळी चहा करत होती तेव्हा ती फोन घेऊन आली.

“काय केलंत हे?”

“चांगलं लिहिलं होतंस. घेतलं.”

“माझं होतं ते! माझे पन्नास-साठ वाचक होते. मी तुमच्यावर लिहायची, ते वाचायचे, आमचं आमचं बरं चाललं होतं. आता बघा.” तिने फोन ताईच्या नाकासमोर धरला. खाली ओळीने प्रतिक्रिया लागल्या होत्या. अप्रतिम. निःशब्द. डोळे पाणावले. किती मोठ्या मनाची नणंद. “मोठ्या मनाची! माझ्या लेखाखाली तुमची आरती! तुम्हाला शिव्या बसायला हव्या होत्या, आणि तुम्ही त्यातही पुढे जाऊन बसलात.”

भावजय खरं बोलत होती. कबुली देताना आपण थोडं उंच उभं राहिलो होतो, हे ताईला टीप लिहिताना जाणवलं होतं आणि तरी तिने ती तशीच ठेवली होती.

“ती टीप काढते,” ती म्हणाली.

“आता काढून काय? सगळ्यांनी वाचली.” भावजय दारापर्यंत गेली, परत वळली. “आणि ते वाक्य मी आधीच काढणार होते. तुमच्या सांगण्यावरून काढलं असं आता सगळ्यांना वाटणार.”

तिने ते वाक्य काढलं, पण बऱ्याच दिवसांनी, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. ताईच्या लक्षात आलं.

त्यानंतर घरातलं बोलणं कामापुरतं उरलं. भांडणंही थांबली, आणि भांडणं थांबल्यावर ते घर राहण्यासारखं नाही हे भावालासुद्धा कळलं. त्याने कामाच्या जवळ दोन खोल्या भाड्याने बघितल्या. सामान हलवायच्या दिवशी ताईने सुट्टी घेतली नव्हती, पण दुपारी ती घरी आली. खोके बाहेर गेले होते. भावजय फ्रिजमधला आपला कप्पा पुसत होती, जणू तो परत करायचा होता.

“आता रोज समोर नसाल,” ती म्हणाली. “लिहायचं कशावर हा प्रश्नच आहे.”

“त्याच्यावर लिही,” ताईने गॅलरीकडे मान हलवली. भाऊ जाता जाता कुंड्यांत पाणी ओतत होता. “त्याला कुणी हातच लावला नाहीये अजून.”

भावजयीला हसू आलं, ते तिने दाबलं. तिला हसवल्याचं समाधान ताईला द्यायचं तिच्या मनात नव्हतं. फडकं पिळून तिने नळावर टाकलं, चप्पल घातली, आणि “येते” असं न म्हणता निघून गेली.

वेचणी चालू आहे. नात्यातलं घ्यायचं नाही हा नियम ताईने पुन्हा लावला आणि तो आता मोडत नाही. भावजय लिहिते, पूर्वीपेक्षा जास्त लिहिते आणि पूर्वीपेक्षा चांगलं. गेल्या महिन्यात तिने लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलत राहणाऱ्या आणि घरी गप्प बसणाऱ्या नवऱ्यावर लिहिलं. ताईने तो लेख दोन पेशंटच्या मध्ये वाचला. कुणाला तरी तो पाठवावा असं तिला इतकं वाटलं की तिने फोन उचलून सगळी नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. पाठवावं असं एकच नाव होतं, भावाचं, आणि त्याला ब्लॉग वाचायची सवय नव्हती. तिने लिंक पाठवली नाही. बाहेर जाऊन पुढच्याला हाक मारली आणि म्हणाली, “शर्ट काढा. हनुवटी वर.”